एकशे सात दिवस : प्रस्तावना

१० मार्च ते १ सप्टेंबर या काळात उत्तर अमेरिकेत कुणी रानबदकावर बंदूक चालवू नये, असे अमेरिका आणि ब्रिटन यांनी १६ ऑगस्ट १९१६ रोजी एका करारात लिहून ठेवले. ब्रिटनची सही होती ती कॅनडाच्या वतीने. उरलेल्या महिन्यांतही शिकारीचा हंगाम साडेतीन महिन्यांहून मोठा असता कामा नये, ही पुढची अट. साडेतीन महिने म्हणजे १०७ दिवस. त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. मूळ करारात दुरुस्त्या झाल्या. मेक्सिकोशी १९३६ साली, जपानशी १९७२ साली आणि सोव्हिएत संघाशी १९७६ साली असेच करार झाले. पण अमेरिकेच्या कुठल्याही राज्यात बदकांचा नेहमीचा हंगाम आजही १०७ दिवसांच्या पुढे जात नाही.

हे पुस्तक त्या १०७ दिवसांविषयी आहे. ते कुठून आले, दरवर्षी त्यांतले किती दिवस कुणाला द्यायचे हे कोण ठरवते, कशाच्या आधारावर ठरवते, आणि या हिशेबात कुणावर अन्याय झाला, असे त्याचे चार भाग आहेत.

मराठी वाचकाला विषय दूरचा वाटेल, पण त्यामागचा विचार आपल्या किनाऱ्याला चांगला ओळखीचा आहे. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याखेरीज होडी लोटायची नाही हा कोळीवाड्यांचा रिवाज तर या सरकारी बंदीहून कितीतरी जुना. विणीच्या दिवसांत हात आवरायचा, म्हणजे पुढे वर्षभर हाताला काही लागते. बदकांच्या हंगामामागेही हेच शहाणपण आहे. अडचण निराळीच आहे. कोळ्याचा समुद्र त्याच्या दारात असतो. यंदा मासळी कमी लागली तर ते त्याला आधी कळते. लुइझियानाच्या दलदलीत डिसेंबरात बदक टिपणाऱ्या माणसाने ते बदक जिथे अंड्यातून बाहेर आले ती सस्कॅचवानची तळी जन्मात पाहिलेली नसतात. सस्कॅचवानच्या ज्या शेतकऱ्याने तळे बुजवून गहू पेरला, त्याला लुइझियानात काय कमी झाले याचा पत्ता नसतो. ज्या पाखराचे वर्ष तीन देशांत विभागलेले आहे त्याला एका गावाचा रिवाज वाचवू शकत नाही, एका राज्याचा कायदाही वाचवू शकत नाही. अमेरिकेला हे समजायला फार मोठी किंमत मोजावी लागली.

त्या किमतीचे सर्वांत ठसठशीत नाव म्हणजे पॅसेंजर पिजन, अमेरिकेचे प्रवासी कबुतर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या कबुतरांची संख्या काही अब्ज असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १८५७ साली ओहायोच्या विधिमंडळातल्या एका समितीने तर या पक्ष्याला संरक्षणाची गरजच नाही असा निर्वाळा दिला होता. पुढे रेल्वे आली, तारायंत्र आले, बर्फात माल भरून शेकडो मैल पाठवण्याची सोय झाली. थवा कुठे घरट्यांना बसला ही बातमी तारेने पसरायची आणि धंदेवाईक शिकारी रेल्वेने तिथे पोचायचे. १८७८ साली मिशिगनमधल्या पेटोस्कीजवळच्या प्रचंड वसाहतीत नेमके हेच झाले. अंडी-पिल्ले असतानाच पक्षी मारले गेले आणि पिंपांत भरून शहरांकडे रवाना झाले. या जातीतला शेवटचा पक्षी, मार्था नावाची मादी, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

बदकांचीही तीच वाट लागण्याची लक्षणे होती. चेसापीक उपसागरात सपाट होड्यांवर तोफेसारख्या लांब नळीच्या बंदुका बसवत आणि पाण्यावर विसावलेल्या थव्यावर रात्री एकच बार काढत. एका बारात डझनांनी बदके पडत. कॅनव्हासबॅक या बदकाला न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोरच्या हॉटेलांत भरपूर भाव होता. त्याहून घातक होती वसंतातली शिकार. हिवाळा काढून जोड्या जमवून उत्तरेला विणीसाठी निघालेले पक्षी वाटेत मारणे, म्हणजे येणारी पिढी जन्माआधीच संपवणे. प्रत्येक राज्याला हे कळत होते. पण आपल्या राज्याने वसंतात बंदी घातली तर तेच पक्षी शेजारच्या राज्यात मारले जाणार, मग आपल्याच लोकांनी का थांबायचे, हा प्रश्न अनेक विधिमंडळांना सुटत नव्हता. मला या सगळ्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे वळण वाटते. माणसे दुष्ट होती म्हणून पक्षी संपत होते, असे नव्हते. एकट्याने थांबण्यात कुणालाच अर्थ दिसत नव्हता, म्हणून ते संपत होते.

बाजारू शिकारीला पहिला लगाम घातला तो आयोवाचे प्रतिनिधी जॉन लेसी यांच्या १९०० सालच्या कायद्याने. एका राज्यात बेकायदा मारलेला पक्षी दुसऱ्या राज्यात नेऊन विकणे हा त्याने केंद्रीय गुन्हा ठरवला. दरम्यान बगळ्यांच्या तुऱ्यांसाठी चाललेल्या कत्तलीविरुद्ध बोस्टनमध्ये हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघींनी १८९६ साली मॅसॅच्युसेट्स ऑडबन सोसायटी उभी केली. टोपीवर पिसे मिरवणाऱ्या बायकांना घरोघर चहाला बोलावून ती पिसे उतरवायला लावण्याचे काम या दोघींनी केले. १९०५ साली फ्लोरिडात बगळ्यांच्या वसाहती राखणारा गाय ब्रॅडली हा पहारेकरी गोळी लागून मेला, तेव्हा या लढ्याला हुतात्माही मिळाला. या काळावर पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थांबतो.

१९१३ साली काँग्रेसने वीक्स-मॅक्लीन कायदा केला आणि स्थलांतरित पक्ष्यांचे हंगाम ठरवण्याचा अधिकार केंद्राच्या हाती दिला. कृषी खात्याच्या खर्चाच्या विधेयकाला जोडून तो मंजूर झाला आणि राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी आपल्या कारकिर्दीच्या अखेरच्या दिवशी, ४ मार्चला, त्यावर सही केली. पण अर्कान्सस आणि कॅन्ससमधल्या केंद्रीय न्यायालयांनी तो घटनाबाह्य ठरवला. पक्षी ही राज्याने आपल्या जनतेसाठी सांभाळायची ठेव आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेच १८९६ साली म्हटले होते. मग केंद्राला मध्ये पडण्याचा अधिकार कुठला? यातून वाट काढली ती कराराने. परराष्ट्रांशी करार करणे हे फक्त केंद्राचे काम आणि असा करार हा देशाचा सर्वोच्च कायदा, असे अमेरिकेची राज्यघटना सांगते. करार करण्याची सूचना सिनेटर एलिहू रूट यांची होती. १९१६ साली करार झाला, १९१७ साली कॅनडाने आणि ३ जुलै १९१८ रोजी अमेरिकेने तो अमलात आणणारा कायदा केला.

लगेच मिसूरी राज्य न्यायालयात गेले. त्याची तक्रार होती ती रे हॉलंड या केंद्रीय वन्यजीव अधिकाऱ्याविरुद्ध. या हॉलंडने मिसूरीच्या खुद्द अॅटर्नी जनरलना, फ्रँक मॅकअॅलिस्टर यांना, बंदीच्या काळात बदके मारताना पकडले होते. राज्याच्या कायद्याचा रखवालदारच पकडला गेल्यावर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणारच होता. १९ एप्रिल १९२० रोजी न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी सात विरुद्ध दोन अशा बहुमताचा निकाल लिहिला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : मालकी सुरू होते ती ताब्यापासून, आणि रानपक्षी कुणाच्याच ताब्यात नसतो. काल तो या राज्यात आलेला नव्हता, उद्या दुसऱ्या राज्यात असेल, आठवड्याभरात हजार मैल दूर असेल. अशा पाखरावर एका राज्याने हक्क सांगणे पोकळ आहे. आणि हा करार नसता, तर कुणी हक्क सांगावा असे पक्षीच थोड्या काळात उरले नसते. अमेरिकेच्या घटनाकायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल करारविषयक अधिकारांसाठी शिकवतात. मी तो वाचतो ते त्यातल्या पक्ष्यासाठी. कायद्याच्या भाषेत पाखराचे उडणे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी मांडले असेल.

कागदावर पक्षी वाचला, तरी जमिनीवर वाचायचा होता. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातल्या गवताळ प्रदेशात भीषण दुष्काळ पडला, धुळीची वादळे उठली, तळी आटली आणि बदके झपाट्याने घटली. १९३५ साली हंगाम ३० दिवसांवर आणावा लागला. त्याच वर्षी धान्याचे आमिष टाकून, पाळीव बदके बांधून रानबदकांना खाली उतरवून मारण्यावर बंदी आली आणि बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसे भरता येतील असा नियम झाला. हे नियम आजही तसेच आहेत.

हंगाम छोटा करून पाणी परत येत नाही, त्यासाठी जमीन विकत घ्यावी लागते, हे ज्याने ओळखले तो माणूस व्यंगचित्रकार होता. जे नॉरवुड डार्लिंग, 'डिंग' या सहीने ओळखला जाणारा आयोवाचा पुलित्झर विजेता. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या धोरणांवर त्याने आपल्या चित्रांतून सडकून टीका केली होती. तरीही रूझवेल्टनी १९३४ साली त्यालाच केंद्राच्या जीवशास्त्रीय सर्वेक्षण विभागाचा प्रमुख केले. त्याच वर्षीच्या १६ मार्चच्या कायद्याने पाणपक्ष्यांच्या प्रत्येक प्रौढ शिकाऱ्याने दरवर्षी एक केंद्रीय तिकीट विकत घेणे सक्तीचे झाले. पहिल्या तिकिटावरचे उतरत्या बदकांचे चित्र डार्लिंगनेच काढले. किंमत एक डॉलर. पहिल्या वर्षी सव्वासहा लाखांहून अधिक तिकिटे खपली. आज या 'डक स्टँप'ची किंमत २५ डॉलर आहे आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जमिनी विकत घेण्यासाठी किंवा कायमच्या राखण्यासाठी जातात. आजवर साठ लाख एकरांहून अधिक जमीन या पैशाने राखली गेली आहे. तिकिटावरच्या चित्रासाठी १९४९ पासून देशभरातल्या चित्रकारांची खुली स्पर्धा होते, आणि ज्यांनी कधी बंदूक हातात घेतली नाही असे पक्षिनिरीक्षकही हे तिकीट घेतात. ज्या व्यवहारात घेणाऱ्याला आधी द्यावे लागते, तो बरा चालतो असे मला यावरून वाटते.

आता या पुस्तकाच्या गाभ्याकडे येतो. दरवर्षी हंगाम किती दिवसांचा, एका माणसाने दिवसाला किती बदके मारायची, हे ठरते कसे?

पहिली पायरी आकाशातून. १९५५ पासून दर मे महिन्यात छोटी विमाने कॅनडाची पठारे, उत्तरेची अरण्ये, अलास्का आणि डकोटांची गवताळ राने ठरलेल्या सरळ रेषांवर ओलांडतात. वैमानिक हा स्वतः जीवशास्त्रज्ञ असतो. शेजारी एक निरीक्षक. जमिनीपासून सुमारे दीडशे फूट उंचीवरून दोघे आपापल्या बाजूची बदके जातवार मोजत जातात आणि आकडे बोलत जातात. काही भागांत त्याच पट्ट्यांत माणसे पायी जाऊन मोजतात, म्हणजे विमानातून किती सुटतात याचा अंदाज येतो. बदकांबरोबर तळीही मोजली जातात. हिमयुगाच्या अखेरीस वितळत्या बर्फाने मागे ठेवलेली ही लाखो लहान-लहान तळी हेच या खंडाचे बदकांचे बाळंतघर. मे महिन्यात तळ्यांत पाणी किती, यावरून शरदात किती पिल्ले उडतील हे बऱ्यापैकी सांगता येते. २०२० आणि २०२१ या दोन करोनावर्षांत ही विमाने उडाली नाहीत. सुरुवात झाल्यापासून मोजणीत पडलेला हा पहिलाच खंड.

दुसरी पायरी टपालातून येते, आणि मला ती सर्वांत लोभस वाटते. सरकार निवडक शिकाऱ्यांना पोस्टेज भरलेली पाकिटे पाठवते. शिकाऱ्याने आपण मारलेल्या प्रत्येक बदकाचा एक पंख त्यात घालून परत पाठवायचा. हंगाम संपल्यावर प्रत्येक पक्षिमार्गाचे अभ्यासक एका ठिकाणी जमून हे पंख टेबलांवर पसरतात. पिसांचा रंग, झीज आणि टोके पाहून पक्षी नर की मादी, यंदाचे पिल्लू की जुना, हे ते ओळखतात. पिल्लांचे प्रमाण जास्त निघाले तर वीण चांगली झाली. तिसरी पायरी म्हणजे पायात अॅल्युमिनियमचे कडे घालून सोडलेले पक्षी. कडे सापडले की शिकारी त्याचा क्रमांक मेरीलँडमधल्या बँडिंग प्रयोगशाळेला कळवतात, आणि शंभर कड्यांमागे किती परत येतात यावरून शिकारीचे खरे ओझे कळते. याच कड्यांच्या नोंदींवरून फ्रेडरिक लिंकन यांनी चार पक्षिमार्ग आखले : अटलांटिक, मिसिसिपी, मध्य आणि पॅसिफिक. १९४८ पासून नियम या चार मार्गांनुसार ठरतात. राज्यांच्या सीमा माणसांच्या, मार्ग पक्ष्यांचे. कायद्याने पक्ष्यांचा नकाशा स्वीकारला.

एवढी माहिती हाती असूनही एका प्रश्नावर तज्ज्ञांचे वर्षानुवर्षे एकमत नव्हते. काहींचे म्हणणे असे की शिकारीत गेलेले बदक नाहीतरी हिवाळ्यात भूक, रोग किंवा कोल्ह्याच्या तोंडी गेलेच असते, त्यामुळे बेताच्या शिकारीने एकूण संख्या फारशी हलत नाही. दुसऱ्यांचे म्हणणे असे की मारलेले प्रत्येक बदक ही निव्वळ घट. तसाच वाद विणीचा : दाटी वाढली की पिल्ले किती कमी होतात? १९९५ साली या वादावर जो तोडगा निघाला तो सरकारी कारभारात विरळा आहे. दोन्ही बाजूंची मते गणितात मांडून चार प्रतिमाने केली. दरवर्षी प्रत्येक प्रतिमान पुढच्या वसंतातल्या मॅलार्ड बदकांच्या संख्येचे भाकीत करते, मग विमाने उडतात, आणि ज्याचे भाकीत खरे ठरले त्याचे वजन पुढच्या निर्णयात वाढते. निर्णयाचे पर्याय आधीच ठरलेले : बंद, मर्यादित, मध्यम, उदार. उदार हंगाम म्हणजे मिसिसिपी मार्गावर ६० दिवस आणि दिवसाला सहा बदके, मध्य मार्गावर ७४ दिवस, पॅसिफिकवर पूर्ण १०७. अज्ञान झाकून न ठेवता ते दरवर्षी मोजायचे आणि त्यावर निर्णय बांधायचा, हे या पद्धतीचे मोठेपण. माझी शंका वेगळी आहे. १९९७ पासून जवळपास दरवर्षी उत्तर 'उदार' असेच आले आहे. २०१५ साली या सर्वेक्षणाने सुमारे ४ कोटी ९५ लाख बदके मोजली होती, २०२४ साली सुमारे ३ कोटी ४० लाख. एक अख्खी पिढी आखडता हंगाम न पाहताच मोठी झाली. ज्या वर्षी तो आखडावा लागेल, त्या वर्षी या यंत्रणेची खरी परीक्षा होईल.

या १०७ दिवसांनी अन्यायही केला, आणि तो सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना प्रामाणिक होणार नाही. १० मार्च ते १ सप्टेंबर ही बंदी वॉशिंग्टन आणि ओटावाला सोयीची होती, कारण तिथे बदके शरदातही मिळतात. अलास्काच्या उत्तर टोकाला बदके येतात ती नेमकी वसंतात आणि सप्टेंबरात निघून जातात. लांब हिवाळ्यानंतर इन्युपियाक आणि युपिक लोकांच्या ताटात पडणारे पहिले ताजे मांस हेच. करारात त्यांच्यासाठी काही समुद्रपक्ष्यांची सवलत होती, पण बदके आणि कलहंस त्यात नव्हते. म्हणजे ज्यांनी हे पक्षी हजारो वर्षे मारूनही संपवले नव्हते त्यांना वर्षभर बंदी, आणि ज्यांच्या बाजाराने ते संपत आणले त्यांना साडेतीन महिने मोकळीक. कित्येक वर्षे हा नियम तिथे फारसा लागू केला गेला नाही. १९६१ साली बॅरो गावी, म्हणजे आजच्या उत्किआगविकमध्ये, अधिकाऱ्यांनी आयडर बदके मारल्याबद्दल माणसांना पकडले. तेव्हा गावातले १३८ जण एकेक आयडर हातात घेऊन अधिकाऱ्यासमोर उभे राहिले : आम्हीही मारले आहे, आम्हालाही पकडा. एवढ्या माणसांना ठेवायला तुरुंग नव्हता. खटले मागे पडले. पण करार बदलायला आणखी तीन दशके लागली; दुरुस्तीवर सह्या १९९० च्या दशकात झाल्या आणि अलास्कात पोटासाठीच्या वसंत-शिकारीचा पहिला कायदेशीर हंगाम २००३ साली सुरू झाला. बॅरोच्या त्या माणसांनी एकही दगड उचलला नाही. तारखा ठरवताना टेबलाशी कोण बसलेले नव्हते, एवढेच त्यांनी सगळ्यांना दाखवून दिले.

उलट दिशेची गोष्टही पुस्तकात आहे. दक्षिणेत भात आणि मक्याच्या शेतांवर पोसल्यामुळे हिमहंस इतके वाढले की हडसन उपसागराच्या काठची टुंड्रा त्यांनी मुळासकट खरवडून उजाड केली. १९९९ साली नियम सैल करून नेहमीच्या हंगामाबाहेरही त्यांना मारायची परवानगी द्यावी लागली. वाढलेल्या जातीला कायद्याने आवर घालणे, घटत्या जातीला वाचवण्याइतकेच अवघड निघाले.

पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्या मराठी वाचकाला एव्हाना एक प्रश्न टोचत असेल : मुळात मारायचेच कशाला? मी स्वतः पक्षी मारणार नाही आणि कुणाला मारायला सांगणार नाही. पण २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासाकडे पाठ फिरवता येत नाही. १९७० पासून उत्तर अमेरिकेने सुमारे तीन अब्ज पक्षी गमावले, असे त्यात निघाले. सर्वांत मोठी घट गवताळ रानातल्या पक्ष्यांची, ज्यांची शिकार बहुतांशी बंदच आहे. आणि वाढ कुणाची? बदकांची आणि हंसांची. कारण त्यांच्या पाठीशी मोजणी होती, तिकिटाचा पैसा होता, १९८६ साली कॅनडासह आखलेली खंडव्यापी योजना होती, आणि पक्षी उरले नाहीत तर आपले नुकसान आहे असे मानणारी लाखो माणसे होती. गवतातल्या चिमण्यांना कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळाले, पण जमीन मिळाली नाही.

भारतात हा वाद आपण वेगळ्या मार्गाने संपवला. भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुण्यांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तो आकडा कोरलेला दगड आजही तिथे उभा आहे. १९१२ च्या ब्रिटिश कायद्यात बंदीचे हंगाम होते, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही काही काळ परवान्यावर शिकारीला जागा होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली. तेव्हापासून स्थलांतरित पक्ष्यांसाठी आपल्याकडे वर्षाचे ३६५ दिवस बंदीचे आहेत, आणि ते योग्यच आहे. कायदा असूनही २०१२ साली नागालँडमध्ये दोयांग जलाशयावर हजारो अमूर ससाणे जाळ्यांत मारले गेले. ते थांबले ते पांगती आणि शेजारच्या गावांनी स्वतः ठराव केले तेव्हा. पुढच्याच वर्षी एकही ससाणा मारला गेला नाही. तिथून निघालेले ससाणे मध्य भारत आणि महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिका गाठतात, हे त्यांच्या पाठीवर बसवलेल्या उपग्रह-यंत्रांनी दाखवले आहे.

बंदीने गोळी थांबते. नांदूर मधमेश्वरला सायबेरियातून येणारे तलवार बदक, उजनीला उतरणारा चक्रवाक, थापट्यांचे थवे यांना गोळीपेक्षा आज धोका आहे तो गाळपेराचा, सांडपाण्याचा, भराव टाकून बुजवलेल्या तळ्यांचा. अमेरिकेतही तलवार बदक घटले ते बंदुकीने कमी आणि नांगराने जास्त; ते कापणी झालेल्या शेतात घरटे करते आणि पेरणीत ते मोडले जाते. आपल्या सरकारकडे दर मे महिन्यात उडणारी विमाने नाहीत. आपल्याकडे आहे ती १९८७ पासून चाललेली आशियाई पाणपक्षी गणना. ती दर जानेवारीत होते, आणि तिचे बहुतेक काम हौशी लोकच करतात. पाखरे कमी झाली हे सगळेच म्हणतात. किती कमी झाली, कुठल्या तळ्यावर, कुठल्या वर्षापासून, हे सांगणारी वही फार थोड्या तळ्यांची आहे. अमेरिकेच्या अनुभवातून आपण काही घ्यायचे असेल तर त्यांची बंदूक सोडून त्यांची वही घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या गावाजवळ पाझर तलाव असेल, धरणाचे फुगवटा क्षेत्र असेल, खाडी असेल. येत्या जानेवारीत तुमच्या जिल्ह्यातल्या पक्षिमित्रांना गाठा, त्यांच्याबरोबर एक सकाळ द्या, जातवार आकडे लिहून गणनेला पाठवा, आणि पुढच्या जानेवारीत त्याच तळ्यावर पुन्हा जा.